काळजी केंद्रात सात मुलांचे गाल सुजलेत, पाणी ओसरतंय. लोकांना परत पाठवायचं का?

शाळेचीघंटा

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात वेदगंगाकाठच्या पूरग्रस्तांसाठी २५ जुलैला सरकारी प्राथमिक शाळेत काळजी केंद्र उघडलंय. ४६ कुटुंबं, २१० माणसं, त्यात १५ वर्षांखालची ७४. वर्गखोल्या आठ. सातांत माणसं, आठवीत धान्य आणि गॅस.

२९ जुलैला सहा वर्षांच्या एका मुलीचा डावा गाल सुजला. आज ४ ऑगस्ट, आकडा सातवर गेलाय. वयं ४ ते ११. ताप १०० ते १०१, तोंड उघडताना दुखतं, दोघांच्या दोन्ही बाजू सुजल्यात. सातांपैकी पाच एकाच गावचे. कन्नड बोलणाऱ्या बायका ‘मंगनबावू’ म्हणतात, आपली माणसं गालगुंड. आशाताई रोज येतात, पॅरासिटामॉल दिलंय.

विचारायचं ते असं. ही गालफुगीच (मम्प्स) कशावरून? सगळ्यांच्या तायी कार्डावर (आई-बाळाच्या सरकारी कार्डावर) लसींचे रकाने भरलेले आहेत, मग झाली कशी? एक संस्था सगळ्या मुलांसाठी एमएमआर (गोवर, गालफुगी, रुबेलाची) लस आणून देतो म्हणते, घ्यावी का? आणि मुख्य म्हणजे बंधाऱ्यांवरचं पाणी उतरायला लागलंय, लोक १० तारखेपर्यंत घरी जायचं म्हणतात. साथ संपेपर्यंत थांबवायचं का?

साथमोजणी

बाई, आधी तारखा कागदावर मांडा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

गालफुगीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून गाल सुजेपर्यंत बहुधा १६ ते १८ दिवस जातात. कमीत कमी १२, जास्तीत जास्त २५. तुमचं केंद्र उघडून दहाच दिवस झालेत. म्हणजे या सातांपैकी एकालाही आजार केंद्रात लागलेला नाही. २९ जुलैच्या मुलीला तो ४ ते १७ जुलैच्या दरम्यान कधीतरी लागला, पाऊस वाढायच्या आधी, गावातच. पाच जण एका गावचे आहेत तर ते एका अंगणवाडीतले, एका वर्गातले की एकाच टमटममधून शाळेला जाणारे, ते विचारून घ्या. त्या वर्गातली जी मुलं केंद्रात न येता पाहुण्यांकडे गेलीत, त्यांच्यातही कुणाचा गाल सुजला असणार आणि तो तुमच्या वहीत नाही.

आता पुढचं. सूज दिसायच्या दोन दिवस आधीपासून सूज आल्यानंतर पाच दिवसांपर्यंत मूल दुसऱ्याला आजार देतं. पहिली मुलगी २७ जुलैपासून देत होती. त्या दिवशी केंद्रात ज्याला लागण झाली, त्याचा गाल लवकरात लवकर ८ ऑगस्टला सुजेल, बहुतेक करून १२ ते १४ च्या सुमारास. ३ ऑगस्टला सुजलेल्या मुलाकडून होणारी लागण १३ ऑगस्टपासून थेट २ सप्टेंबरपर्यंत कधीही दिसू शकते. आणि तुमची माणसं १० ला घरी. केंद्राची खरी लाट केंद्र बंद झाल्यावर येणार, ती सात-आठ गावांत विखरून, शाळा सुरू झाल्यावर. केंद्राच्या रजिस्टरवर मात्र ‘सात रुग्ण, सर्व बरे’ असा शेरा पडलेला असेल.

म्हणून थांबवू नका, पाठवा. एका खोलीत तीस माणसं कोंबून पंचवीस दिवस ठेवली तर लागण वाढेल, शिवाय जुलाब आणि त्वचेचे आजार वेगळे. पण यादी केल्याशिवाय एकही टेंपो सुटू देऊ नका.

यादीत नाव आणि वय तर असतंच. पण मूळ गाव, कुठल्या खोलीत झोपतं, केंद्रात कधी आलं, सूज कुठल्या तारखेला आणि कुठल्या बाजूला, ताप किती, कार्डावर एमएमआर आहे का, इथून जाणार कुठे आणि मोबाईल नंबर हे सगळं हवं. हमखास चुकते ती सुजेची तारीख. आशाताईंनी पाहिलं ती तारीख लिहिली जाते, सूज त्याच्या आदल्या किंवा परवाच्या दिवशीची असते. आईला ‘कधी सुजला?’ विचारलं तर ‘झाले की दोन-चार दिवस’ एवढंच येतं. ‘जेवताना दुखतंय असं पहिल्यांदा कधी म्हणाला, त्या दिवशी जेवायला काय होतं?’ असं विचारा, तारीख बरोबर सापडते.

‘जाणार कुठे’ हा रकाना आळसाने ‘स्वगृही’ लिहून भरू नका. घर चिखलात असतं, बायकापोरं आधी कागलला, इचलकरंजीला नाहीतर माहेरी जातात. ते महाराष्ट्रात. इकडच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याची (टीएचओ) यादी तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आपोआप पोचत नाही, कुणीतरी ती पाठवावी लागते. टीएचओंना लेखी द्या आणि पलीकडच्या गावांची नावं वेगळी काढून द्या.

शेवटच्या मुलाचा गाल सुजल्यापासून ५० दिवस नवा रुग्ण नाही, तेव्हा साथ संपली म्हणायची. दोन अधिशयन काळ (लागण ते सूज), २५ अधिक २५.

कानामागची_गाठ

ओळखायचं असं. मुलाला खिडकीच्या उजेडात बसवा आणि पाठीमागून बघा. ही लाळग्रंथी कानाच्या पुढे आणि खाली असते. ती सुजली की त्या बाजूची कानाची पाळी वर आणि बाहेर ढकलली जाते, मागून ते चटकन कळतं. मग जबड्याच्या कोनावर बोट ठेवा. गालफुगीत तो कोन सुजेत बुडतो, बोटाला लागत नाही. कोन लागतोय, पाळी जागच्या जागी आहे आणि गाठ जबड्याच्या खाली आहे, तर ती बहुतेक लसिकाग्रंथी. मग डोकं बघा. केंद्रात उवा होतातच, खाजवून जखमा होतात आणि मानेत गाठी येतात. किडकी दाढही बघून घ्या.

तोंड उघडून टॉर्च मारा. वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालाच्या आत या ग्रंथीचं बारीक तोंड असतं. बाहेरून हलकं दाबल्यावर तिथून पू आला तर ती जिवाणूची सूज आहे, गालफुगी नव्हे. पाणी कमी प्यालेल्या, अशक्त मुलांत होते आणि तिला दवाखानाच लागतो. विषाणूच्या गालफुगीत ते तोंड नुसतं लाल, फुगीर दिसतं.

टॉर्च हातात आहे तोवर घसा बघाच. सातही जणांचा. घटसर्पात मान दोन्ही बाजूंनी हनुवटीपासून खाली बैलासारखी जाड होते, लोक तिलाही गालगुंडच म्हणतात. घशात राखाडी, चिकट पापुद्रा, तोंडाला घाण वास, आवाज बसलेला, ताप बेताचाच पण मूल मलूल. पापुद्रा खरवडायला जाऊ नका, रक्त येतं. १०८ बोलवा, वाट बघू नका. उत्तर कर्नाटकातून घटसर्प अजून गेलेला नाही. कार्डावर १६ ते २४ महिन्यांचा आणि पाच वर्षांचा घटसर्पावरचा डीपीटी बूस्टर आहे का ते याच वेळी बघा. पाच वर्षांचा बऱ्याचदा राहिलेला असतो.

शब्दाचा एक घोळ सांगून ठेवतो. ‘मंगनबावू’ म्हणजे गालफुगीच. पण फोनवर नुसतं ‘मंगन’ ऐकू आलं की आरोग्य खात्यातला माणूस ‘मंगन कायिले’ समजू शकतो. तो क्यासनूरचा माकडताप, गोचिडीमुळे होणारा, अगदी वेगळा आणि गंभीर. कळवताना ‘कानाखाली सूज, ताप, सात मुलं’ असं सांगा.

नमुने सगळ्यांचे घ्यायची गरज नाही. चार-पाच जणांत पक्कं झालं की बाकीचे लक्षणांवरून आणि संपर्कावरून धरतात. गालाच्या आतून बोळा घेतात तो सूज आल्यापासून तीन दिवसांत घेतला तर उत्तम, म्हणून २९ तारखेच्या मुलीऐवजी २, ३ आणि ४ ऑगस्टची मुलं निवडायला सांगा. बोळा घ्यायच्या आधी बाहेरून ग्रंथी तीस सेकंद चोळतात, म्हणजे लाळ उतरते. ते राहिलं की अहवाल फसवा ‘नाही’ येतो. रक्तातलं आयजीएमही (आजाराचं प्रतिपिंड) पहिल्या दोन-तीन दिवसांत कोरं येऊ शकतं.

औषध म्हणाल तर विषाणूवर काही नाही. पॅरासिटामॉल वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. गोंधळ होतो तो बाटलीत. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. १४ किलोच्या मुलाला पहिल्यातलं ७ मिली, दुसऱ्यातलं साडेतीन. मदतीच्या खोक्यात दोन्ही येतात आणि आया चमच्याने मोजतात. एकाच ताकदीच्या बाटल्या ठेवा, दुसऱ्या कपाटात घाला. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको.

दवाखान्यात कधी? उलट्या आणि डोकं ठणकणं, झापड, झटका, मान पुढे न वळणं. सुजेमुळेही मान वळवायला दुखतं, म्हणून एकट्या मानेवरून घाबरू नका, पण उलटी किंवा झापड सोबत असेल तर निघा. बेंबीच्या वर जोरात दुखून उलट्या होत असतील तरीही. आणि ऐकू येणं. एका कानाचं गेलेलं मुलाला सांगता येत नाही. डोळे मिटायला लावून आळीपाळीने एकेका कानाजवळ बोटं चोळा, कुठून आवाज येतो ते दाखवू द्या. हे क्वचित होतं, पण झालं तर बहुधा कायमचं राहतं.

बोरगावची_पायवाट

आमच्याकडं चुना आणि हळदीचा लेप लावतात की ओ. त्यानं उतरतं लवकर. मेडिकलवाले अ‍ॅझिथ्रोमायसिन पण देतात.

कानामागची_गाठ

सूज तशीही आठवडाभरात उतरते, लेपाला उगाच श्रेय जातं. ताणलेल्या कातडीवर चुना भाजतो, मग त्या फोडात जिवाणू शिरतात आणि खरंच अँटिबायोटिकची वेळ येते. अ‍ॅझिथ्रोमायसिनचा विषाणूवर उपयोग नाही. कोमट नाहीतर गार फडकं, मुलाला जे बरं वाटेल ते, एवढं पुरे.

लसटोचणी

कार्डाचं कोडं सोपं आहे. सरकारी लसीकरणात एमआर मिळते, गोवर आणि रुबेला. नऊ ते बारा महिन्यांत एक, १६ ते २४ महिन्यांत दुसरी. कर्नाटकात ती फेब्रुवारी २०१७ च्या मोहिमेपासून आली. त्यात गालफुगीचा ‘एम’ नाहीच. तो खासगीत घेतलेल्या एमएमआरमध्ये असतो. म्हणजे पूर्ण भरलेलं कार्ड असलेलं मूलही गालफुगीपुरतं कोरं. आशाताईंचा यात काही दोष नाही, गावात तशी कुजबुज असेल तर आधी ती थांबवा.

संस्थेच्या लसीबद्दल माझं मत: संस्थेने आणून, संस्थेनेच टोचायची असेल तर नको.

ज्याला लागण होऊन गेलीय त्याला आता दिलेली एमएमआर थांबवत नाही. ती कामाला येईल पुढच्या फेरीत, अजून लागण न झालेल्यांना. एका डोसने साधारण ७० ते ८० टक्के बचाव, दोन डोसांनी ८५ च्या पुढे. वाईट नाही. पण ही कोरडी जिवंत लस असते. २ ते ८ अंशांत, उजेडापासून जपून ठेवायची, तिच्याच कंपनीचं, तिच्यासोबत आलेलं द्रावण घालून अर्धा मिली कातडीखाली टोचायची. पूर आलाय, वीज नाही आणि संस्थेच्या जीपमध्ये थर्माकोलचा डबा. अशात लस मेलेली असते आणि कार्डावर मात्र टोचल्याची नोंद होते. द्रावणाची चूक त्याहून घातक. २०१४ मध्ये सीरियातल्या इदलिबमध्ये गोवर लसीत द्रावण समजून भुलीच्या वेळी वापरायचं स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि १५ मुलं गेली.

डीएचओंच्या (जिल्हा आरोग्य अधिकारी) परवानगीने, एएनएमच्या (आरोग्य उपकेंद्राच्या नर्स) हातून, आइसपॅकच्या लसपेटीतून, अ‍ॅड्रेनॅलिनची पेटी जवळ ठेवून सत्र लागणार असेल तर जरूर घ्या. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. महिन्याभरात एमआर झालेल्या मुलाला चार आठवडे थांबायचं. गरोदर बाईला द्यायची नाही.

आणि सत्र लागलंच तर राहिलेली एमआर आधी. गर्दीच्या केंद्रात मुलं मारतो तो गोवर, गालफुगी नव्हे. सोबत अ जीवनसत्त्व: सहा ते अकरा महिन्यांना १ लाख युनिट, वर्ष ते पाच वर्षांना २ लाख. गेल्या चार-सहा महिन्यांत दिलंय का ते कार्डावर बघून.

शाळेचीघंटा

सगळ्यांचे आभार. विचारून आले. पाचपैकी चौघं एकाच अंगणवाडीचे, पाचवी त्यातल्या एकाची थोरली बहीण. घसे बघितले, पापुद्रा कुणालाच नाही. टीएचओ उद्या येतायत. आज आठवा निघाला, १४ वर्षांचा मुलगा, हायस्कूलचा. आजारी मुलं जेवत नाहीत ही मोठी अडचण आहे, दुपारी चित्रान्न होतं तर रडायलाच लागली. धान्याची खोली रिकामी करून त्यांना तिथे ठेवू का?

वगराळं

चित्रान्नात लिंबू पिळलेलं असतं, म्हणून रडली. आंबट जिभेला लागलं की लाळ सुटते, ग्रंथी आवळते आणि सुजलेल्या जागी कळ येते. आजारी मुलांच्या ताटातून लिंबू, चिंचेची आमटी, ताक, ताकातली आंबील, लोणचं सगळं काढा. मऊ भात-तूप, मुगाचं पातळ वरण, रव्याची खीर, दुधात बुडवलेलं बिस्किट, उप्पीट करणार असाल तर टोमॅटो आणि लिंबू न घालता सैलसर. चावायला लागेल असं काही नको, भाकरी दुधात कुस्करून. पाणी घोटाघोटाने सारखं पाजा. तोंड कोरडं पडलं की पू होण्याची भीती, वर कानामागची_गाठ यांनी सांगितलंच आहे. जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्याने चूळ.

हा आजार लाळेतून आणि खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून जातो. त्यामुळे केंद्रातली सगळ्यात वाईट वस्तू म्हणजे पाण्याच्या पिंपावर साखळीने बांधलेला एकच पेला. तो आजच काढा. लांब दांड्याचं वगराळं ठेवा, एकाच माणसाने वाढायचं आणि प्रत्येक घराचा पेला वेगळा, वर रंगाने खूण. साबण वडीपेक्षा पातळ करून बाटलीत ठेवला तर टिकतो, वड्या दुसऱ्या दिवशी गायब असतात. या विषाणूला साबण पुरतो. जमिनीवर आणि माणसांवर ब्लिचिंग फवारायचा उत्साह कुणाला आला तर त्याला टाकीकडे पाठवा: १००० लिटरला ३३ टक्क्यांची ताजी पावडर ५ ग्रॅम, बादलीत कालवून, गाळ बसू देऊन वरचं पाणी ओतायचं, अर्धा तास थांबायचं.

खोली रिकामी करा, पण गॅस व्हरांड्यात पावसात नका ठेवू, मुख्याध्यापकांच्या खोलीत हलवा. सुजेचा दिवस शून्य धरायचा आणि पुढचे पाच दिवस मूल त्या खोलीत. सोमवारी सुजला तर शनिवारपर्यंत, रविवारी मोकळा. आईला सोबत राहू द्या, नाहीतर मूल तासाभरात पळून परत जुन्या खोलीत येतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या, पावसाच्या बाजूला ताडपत्री वरून बांधून खालून फट. बाकीच्या खोल्यांत डोकी आळीपाळीने उलटसुलट झोपवा, एकाचं डोकं तिथे शेजाऱ्याचे पाय. ६ बाय ६ मीटरच्या वर्गात माणशी साडेतीन चौरस मीटरने दहाच माणसं बसतात, तुमच्याकडे तीस आहेत. त्यामुळे वेगळ्या खोलीने साथ थांबेल असं समजू नका, थोडी हळू होईल. सूज न येताही बरीच मुलं आजार पसरवतात.

कानामागची_गाठ

१४ वर्षांच्या मुलाकडे नीट लक्ष द्या. वयात आलेल्या, लस न घेतलेल्या पुरुषांत १५ ते ३० टक्क्यांना वृषणाला सूज येते, गाल सुजल्यानंतर साधारण चार ते आठ दिवसांनी, अनेकदा गाल उतरत असताना पुन्हा ताप चढतो तेव्हा. मुलगा बाईंना सांगणार नाही, आईलाही नाही. पुरुष शिक्षकाने किंवा वडिलांनी रोज एकट्यात विचारावं. आली तर झोपून राहायचं, खाली मऊ फडक्याचा आधार, पॅरासिटामॉल, आणि डॉक्टरांना दाखवायचं. बहुधा एकाच बाजूला येते आणि मूल न होण्याची वेळ क्वचितच येते, हे त्याला स्पष्ट सांगा, कारण खोलीतली पोरं भलतंच सांगतात.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. गाल सुजलेला नसताना एकाएकी तिथे जोरात दुखायला लागलं तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया लागते. त्यात ‘गालफुगीचंच असेल’ म्हणून रात्र काढायची नाही.

गालफुगी घरच्या मोठ्या माणसांनाही होऊ शकते, ज्यांना लहानपणी झाली नाही त्यांना. सेवेकरी पोरांनाही हे सांगा.

साथमोजणी

चौघं एका अंगणवाडीचे निघाले म्हणजे धागा सापडला. त्या अंगणवाडीची पटावरची पूर्ण यादी मिळवा आणि केंद्रात नसलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन लावा.

निघायच्या दिवशी हे करा. आजारी मुलांच्या कुटुंबांना सामायिक टेंपोत बसवू नका, शेवटच्या खेपेला वेगळं न्या. प्रत्येक घराच्या हातात अर्ध्या पानाची चिठ्ठी, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड: २ सप्टेंबरपर्यंत गाल सुजला तर त्या मुलाची पाच दिवस शाळा-अंगणवाडी बंद, आशाताईंना कळवा, उलटी-झापड-झटका दिसला तर १०८. तारीख आजवरच्या मुलांवरून काढलीय. आजच्या १४ वर्षांच्या मुलामुळेच ती ३ किंवा ४ सप्टेंबरला सरकते, म्हणून छापू नका, जागा कोरी सोडा आणि निघायच्या सकाळी पेनाने भरा. यादीच्या तीन प्रती काढा. एक टीएचओंना, एक पीडीओंना (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी), तिसरी शाळेच्या हजेरीपटात, कारण १२ तारखेनंतर पहिला सुजलेला गाल वर्गशिक्षकालाच दिसणार आहे.